सतराचा पिस्टन

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशा बहुसंख्य सज्जनांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, डिझेल इंजिनातल्या पिस्टनच्या डोक्यावरची वाटी किती खोल असावी हा प्रश्न बेंगळुरूतल्या बनशंकरीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये कायमचा निकालात निघालेला आहे. निकाल देणारे न्यायाधीश आता हयात नाहीत. साक्षीदार म्हणून मी उरलो आहे. माझी साक्ष कितपत विश्वासार्ह आहे हे कृपया माझ्या बायकोला विचारू नये. या खटल्यात तिला एकदा विचारलं गेलं होतं आणि तिने खरं सांगितलं होतं.

न्यायाधीशांना सगळे अण्णा म्हणत. मूळचे निपाणीकडचे. मराठी घरातली, कन्नड रस्त्यावरची, आणि इंजिनाशी बोलताना दोन्ही. उंची बेताची, मिशी कापलेल्या ब्रशसारखी, आणि अंगात कायम पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट. इंजिनं उघडणाऱ्या माणसाने पांढरा शर्ट घालावा हा मला प्रथम आजार वाटला. मी तसं विचारलंही. "शर्ट मळला तर समजायचं घाई केली," अण्णा म्हणाले. "घाई करणाऱ्यानं इडलीची गाडी लावावी. इंजिनाच्या नादाला लागू नये."

त्यांच्या शेडमध्ये 'पिकअप' हा शब्द उच्चारायला बंदी होती. कुणी नवखा येऊन म्हणाला, "अण्णा, स्वल्प पिकअप वाढवून द्या," की अण्णा त्याला शांतपणे कॉफी पाजत, कप विसळून ठेवत आणि "सरी, बरं, या आता," म्हणून फाटकापर्यंत पोचवायला जात. पाहुणचारात कमतरता नसे. फक्त गाडी घेत नसत.

एकदा त्यांच्या नात्यातल्या लग्नाला मीही गेलो होतो. कार्यालयाबाहेरचा जनरेटर काळा धूर ओकत होता. अण्णा दारातच थबकले. "ह्याला जास्त खायला घातलंय," म्हणाले, आणि मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा ते जनरेटरवाल्याशी वाद घालत होते. शेवटच्या 'सावधान'ला आत जायला वेळ नव्हता. तोवर धूर मात्र स्वच्छ झाला होता. अण्णांनी खिशातल्या अक्षता काढल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि मोठ्या समाधानाने जनरेटरवरच टाकल्या. मी हे पाहिलं आहे. जेवणानंतर मी आणि अण्णा त्यांच्या व्हॅनमधून परतलो. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, फाटकाशी उभ्या राहिल्या, रिक्षा केली आणि एकट्या घरी गेल्या. नवराबायको एकाच घरी दोन वाहनांनी जाताहेत, याचं तिथे कुणालाच काही वाटलं नाही. मला वाटलं, पण मी तेव्हा नवा होतो.

आता माझं पाप सांगतो. पुण्याहून बेंगळुरूला येऊन मला तेव्हा बारा वर्षं झाली होती. जे. पी. नगरला फ्लॅट, दिवसभर लॅपटॉपसमोर बैठका, आणि अचानक पन्नाशीच्या अलीकडे मला एक जुनी डिझेल जीप विकत घेण्याची बुद्धी झाली. काहींना या वयात संन्यास घ्यावासा वाटतो. मला टर्बो बसवावासा वाटला. टर्बो म्हणजे इंजिनात जबरदस्तीने जास्त हवा कोंबणारा पंखा. हवा जास्त, डिझेल जास्त, ताकद जास्त. इतकं मी इंटरनेटवरून शिकलो होतो आणि इतक्यावर माणूस थांबला तर फार नुकसान होत नाही. मी थांबलो नाही. मी तक्ते केले, रंगीत प्रिंट काढले आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून अण्णांपुढे हजर झालो.

अण्णांनी फोल्डरकडे पाहिलंच नाही. त्यांनी टेबलाच्या खणातून शंभर पानी वही काढली आणि चार प्रश्न विचारले. प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच चार.

"गाडी कुठं जाणार?"

"हिमालयात," मी म्हणालो. आवाज जरा खाली आणून म्हणालो, तसं म्हटल्यावर छाती भरून येते.

"कोण कोण बसणार?"

"मी. मित्र. सामान."

"सकाळी पहिली किल्ली किती वाजता?"

"पहाटे पाच. थंडीवाऱ्यात."

अण्णांनी पेन खाली ठेवलं. "घरी फोन लावा."

"कशाला?"

"लावा की वो. स्पीकरवर ठेवा, मोठ्यानं."

मी फोन लावला. अण्णांनी माझ्या बायकोला अत्यंत अदबीने विचारलं, "वहिनी, नमस्कार. मी गाडीवाला बोलतोय. साहेब ही जीप घेऊन कुठं कुठं जातात?"

"रविवारी मला घेऊन डोसा खायला," ती म्हणाली. "आणि वर्षातून एकदा सकलेशपूरला. का हो? काही केलं का त्यांनी?"

"न्हाई, न्हाई. उठतात किती वाजता?"

"साडेआठ. हाक मारली तर."

अण्णांनी तिचे आभार मानले आणि वहीत माझी तिन्ही उत्तरं खोडून तिची लिहिली. मग चौथा प्रश्न विचारला. हा प्रश्न विचारताना ते गिऱ्हाइकाकडे बघत नसत, वहीकडे बघत.

"गाडी चालू झाली न्हाई, तर खोळंबणार कोण?"

मी हसलो. "कोणी नाही. मीच."

त्यांनी 'कोण न्हाई' असं लिहिलं. लिहून झाल्यावर वर पाहिलं, तेव्हा नातेवाइकांनी टाकून दिलेल्या माणसाकडे बघावं तसं ते माझ्याकडे बघत होते.

मग मी फोल्डर उघडला. इथे वाचकांना थोडा त्रास देतो, पण तो अण्णांच्याच शब्दांत. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते. डिझेलच्या इंजिनात ठिणगीही नसते आणि काडीही नसते. "नुसत्या दाबानं पेटतंय," अण्णा सायकलचा पंप माझ्या हातात देऊन, तोंडावर बोट दाबून धरायला लावून सांगत. चार दणके मारले की पंपाचं बूड गरम लागायचं. "कळ्ळं? हवा दाबली की तापती. इंजिनात बावीस वाट्या हवा दाबून एका वाटीत बसवायची. एवढी तापती, की वरनं डिझेलचा फवारा मारला की भडका." बावीसची एक वाटी, म्हणून गुणोत्तर बावीस. माझ्या जुन्या इंजिनाचं मूळचं तेवढंच होतं. आता टर्बो बसवून आधीच जास्त हवा कोंबणार असाल, तर इतकं दाबून चालत नाही; पिस्टन फुटतो, हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उचलतं. म्हणून पिस्टनच्या डोक्यावरची वाटी जरा खोल करायची, हवेला जागा द्यायची आणि गुणोत्तर खाली आणायचं. किती खाली, हाच सगळा प्रश्न.

मी तक्त्यावर बोट ठेवलं. "सतरा. सगळे सतरा म्हणतात. सतरा केलं की मोठा टर्बो बसतो."

"सतरा?" अण्णा म्हणाले.

"सतरा."

अण्णा उठले. हात स्वच्छच होते, तरी त्यांनी ते साबण लावून धुतले. मग मला खांद्याला धरून हळूच शेडबाहेर आणलं आणि भर दुपारी तीन वाजता शटर खाली ओढलं. मी बाहेर उन्हात उभा, हातात रंगीत प्रिंट. आतून काहीही आवाज नाही. अंगणात शेवग्याच्या झाडाखाली अक्का शेंगा काढत होत्या. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कायतरी आकडा बोलला असाल."

दोन दिवसांनी अण्णांचा फोन आला. "गाडी घेऊन या. त्या आकड्याचं नाव काढायचं न्हाई."

शेडच्या मागच्या भिंतीला एक लांब फळी होती. तिच्यावर मेलेले पिस्टन ओळीने मांडलेले. कुणाच्या डोक्याला भोक पडलेलं, कुणाची कड वितळून मेणबत्तीसारखी ओघळलेली, कुणी मधोमध तडकलेला. प्रत्येकाखाली कागदाची चिठ्ठी. मला वाटलं गिऱ्हाइकांची नावं असतील, चारचौघांत लाज काढायला. तसं नव्हतं. प्रत्येक चिठ्ठीवर अण्णांची स्वतःची चूक लिहिलेली होती. 'तेलाची नळी बघितली न्हाई.' 'दुसऱ्याच्या मापावर विश्वास ठेवला.' आणि सात-आठ चिठ्ठ्यांवर एकच वाक्य: 'गिऱ्हाइकाचं ऐकलं.'

फळीच्या टोकाला एक पिस्टन मात्र धडधाकट होता. ना भोक, ना तडा. रोज पुसत असावेत इतका चकचकीत. त्याच्याखाली चिठ्ठी नव्हती.

"हा कशाला इथे? हा तर चांगला आहे," मी म्हणालो.

"लई चांगला हाय," अण्णा म्हणाले आणि पाना शोधायला गेले. पाना त्यांच्या हातातच होता.

माझ्या जीपसाठी त्यांनी दोन जातीचे पिस्टन मागवले. एक उथळ वाटीचा, कारखान्याच्या मापाचा, बावीसवाला. दुसरा खोल वाटीचा, अठरावाला. चार दिवस दोन्ही टेबलावर समोरासमोर ठेवून ते नुसते बघत बसले. आमच्या ऑफिसात एखादा माणूस चार दिवस असा बसला असता तर त्याला बढती मिळाली असती. पाचव्या दिवशी त्यांनी खोल वाटीचे पिस्टन खोक्यात परत घातले. "उथळ घ्यायचा आणि आपल्या हातानं खरवडायचा. खरवडलेलं वाढवता येतंय, खोल केलेलं भरता येत न्हाई." ठरलं वीस. टर्बो लहान. "लहान घास, पण रोज," अण्णा म्हणाले.

मग मापं सुरू झाली. आजवर मी अनेक धार्मिक विधी पाहिले आहेत. इतकं सोवळं कुठेच पाहिलेलं नाही. पिस्टन टेबलावर सपाट ठेवायचा. त्याच्या डोक्यावर मधोमध छिद्र असलेली ॲक्रिलिकची चकती ग्रीस लावून चिकटवायची. वर शाळेच्या प्रयोगशाळेत असते तशी काचेची नळी, तिच्यात रॉकेल. रॉकेल दिसावं म्हणून त्यात स्कूटरच्या निळ्या ऑइलचा एक थेंब. नळीची तोटी सोडायची. थेंब थेंब रॉकेल वाटीत उतरतं, आणि वाटी काठोकाठ भरली, बुडबुडा राहिला नाही, की नळीवरचा आकडा वाचायचा.

हा आकडा दोघांनी वाचायचा हा नियम होता. एकाने वाचायचं, कागदावर लिहायचं, कागद उलटा ठेवायचा. मग दुसऱ्याने. मग दोन्ही कागद एकदम उघडायचे. जुळले नाहीत तर रॉकेल पुसून सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी हिशेबात पक्का म्हणून नोकरी करणारा माणूस, आणि पहिल्या दिवशी माझे आणि अण्णांचे कागद सहा वेळा जुळले नाहीत. सहाही वेळा चूक माझी होती. नळीतल्या द्रवाची पातळी वाकून, डोळा तिच्या रेषेत आणून बघायची असते. मी उभ्याउभ्या वरून बघत होतो.

"वाका की जरा," अण्णा म्हणाले. "पुण्यात वाकायची पद्धत न्हाई काय?"

बावीसचं वीस करायला वाटीत किती जागा वाढवायची? तीन सीसीहून थोडी जास्त. चहाचा एक चमचा पाच सीसीचा असतो. म्हणजे मी एवढे तक्ते, एवढा फोल्डर घेऊन ज्यासाठी आलो होतो तो सगळा मामला एका चमच्याच्या आतला होता. हे ऐकून मला हसू आलं आणि मी हसलो.

अण्णा हसले नाहीत. ते फळीपाशी गेले, तो चकचकीत पिस्टन दोन्ही हातांनी उचलून आणला, टेबलावर ठेवला, त्याच्यावर चकती चिकटवली. "लिहा," म्हणाले.

रॉकेल उतरू लागलं. उतरतच राहिलं. मी वाकून वाचलं, लिहिलं, कागद उलटा ठेवला. त्यांनी न वाचताच लिहिलं. कागद उघडले. जुळले. कारखान्याच्या पिस्टनपेक्षा त्या वाटीत साडेनऊ सीसी जागा जास्त होती.

"दोन चमचे," अण्णा म्हणाले. "ह्यो सतराचा."

मग ते बोलले. मी त्यांना इतकं सलग बोलताना पुन्हा कधी ऐकलं नाही.

"माझी स्वतःची व्हॅन होती. ऐटीत केलती. सतरा, आणि वर ह्यो एवढा टर्बो. टेस्ट घेतली दुपारी, उन्हाची. काय पळाली म्हणता! तुमकूरचा चढ चढताना ट्रकवाले खिडकीतनं डोकं काढून बघायचे. सगळ्यांस्नी दाखवून आलो. डिसेंबरात निपाणीहून फोन आला. हिच्या वडलांचं काही खरं न्हाई, निघा. पाचला उठून किल्ली मारली."

त्यांनी तोटी बंद केली.

"घरघर घरघर. पांढरा धूर. पेटंना. हवा गार, वाटी खोल. दाबून दाबून किती तापणार? बॅटरी उतरली. शेजाऱ्याची आणून लावली. ती बी उतरली. गल्लीतल्या चौघांनी ढकलली. ही बॅग घेऊन पायरीवर बसलेली. साडेआठला मीच म्हटलं, बसनं जाऊया. सातला पोचलो संध्याकाळी. ते तीनला गेलेते."

मी हातातला कागद घडी घालून खिशात ठेवला.

"म्हातारं दुपारपतोर विचारत होतं म्हणे. थोरली आली काय? गाडीचा आवाज आला काय?" अण्णांनी वाटीतलं निळं रॉकेल फडक्याने टिपून घेतलं. "दिवस करून परत आलो. दुपारी दोनला व्हॅन उन्हात उभी होती. किल्ली मारली. पहिल्या झटक्याला चालू."

"अक्का रागावल्या?"

"रागावली असती तर बरं झालं असतं. मी त्याच आठवड्यात ते इंजिन उतरवलं, परत बावीस केलं. हिनं बघितलं. पण माझ्या हातच्या गाडीत त्या दिवसापासनं बसली न्हाई. एकोणीस वर्सं. भांडण न्हाई, काय न्हाई. जेवाय वाढती, डोक्याला तेल लावून देती. गाडीत मात्र बसत न्हाई."

त्यानंतर प्रत्येक इंजिनाची पहिली परीक्षा पहाटेच घ्यायची, असा त्यांनी दंडक केला होता. गाडी रात्रभर उघड्या अंगणात, झाकण न घालता उभी करायची. शेवग्याला एक थर्मामीटर टांगलेला. पहाटे अण्णा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून येणार. मालकाने हजर राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. किल्ली तीनदा. चालू करायची, अर्ध्या मिनिटाने बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. मग तिसरी. "पहिल्या किल्लीला चालू होतंय ते नशीब. दुसरीला इंजिन. तिसरीला माणूस." तिसरी झाल्याखेरीज गाडी फाटकाबाहेर नेलेली मी ऐकलेली नाही.

माझं इंजिन बांधून होत आलं त्या आठवड्यात अक्का खिडकीत कॉफीचे पेले ठेवायला आल्या. एरवी पेले ठेवून जात. त्या दिवशी थांबल्या.

"काय वो पुणेकर, तुमचा आकडा किती ठरला?"

"वीस, अक्का."

"मंग तुमच्या बायकोनं बसायला हरकत न्हाई."

माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हणालो, "आणि तुम्ही? तुम्ही बसाल?"

"मला आटो हाय की," अक्का म्हणाल्या आणि पदराला हात पुसत गेल्या. माझ्यामागे काचेच्या नळीची तोटी उघडीच राहिली होती. वाटी भरून रॉकेल टेबलावर पसरलं होतं, आणि अण्णांच्या पांढऱ्या बाहीला निळा डाग पडला होता. तो एकच डाग मी त्यांच्या शर्टावर पाहिला.

जानेवारीतल्या एका रविवारी माझ्या जीपची परीक्षा ठरली. मी पाचला उठलो, ही बातमी माझ्या सोसायटीत अजून सांगितली जाते. बनशंकरीला पोचलो तेव्हा उजाडलं नव्हतं. गार इतकं, की बोलताना तोंडातून वाफ यावी, आणि बोलायची तर बंदी. अण्णा शेवग्याखाली उभे राहून थर्मामीटर वाचत होते. त्यांनी मला बोटांनी तेरा असं दाखवलं आणि ते खूश झाले. इतकी थंडी बेंगळुरूत रोज मिळत नाही.

एवढ्यात घराचं दार उघडलं आणि अक्का बाहेर आल्या. खांद्याला कापडी पिशवी, हातात मोबाइल, अंगावर शाल. के. आर. पुरमला त्यांची धाकटी बहीण राहते. ती आदल्या संध्याकाळी न्हाणीघरात घसरून पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं. तिथल्याच हॉस्पिटलात ऑपरेशन दहाला ठरलं होतं. आता तिचा फोन आला होता की साडेसातलाच आत नेताहेत. हे सगळं आम्हाला कळलं, कारण अक्का फोनवर तिला ओरडून सांगत होत्या, "रडू नगंस. मी आल्याबिगर आत जाऊ नगंस. सांग डाक्टरला, थोरली यायलीय म्हणून."

थोरली. अण्णांनी थर्मामीटरवरचा हात खाली घेतला.

बनशंकरी शहराच्या या टोकाला आणि के. आर. पुरम त्या. रविवारी मेट्रो उशिरा सुरू होते. अक्कांनी मोबाइलवर रिक्षा बोलावली. नकाशावर ती आमच्याकडे यायला निघाली, एका चौकात थांबली आणि रद्द झाली. दुसरी रद्द झाली. तिसरी नकाशावर उलट्या दिशेने जाऊ लागली, तेव्हा अक्कांनी मोबाइल कानाला लावून तिच्या चालकाला कन्नडमध्ये चार शब्द सुनावले. तीही रद्द झाली. चौथी मिळेना. सहा वाजत आले होते.

मी तोंड उघडलं. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. तो नियमाचा धाक नव्हता. मी "अक्का, आमच्या गाडीतून चला" म्हणालो असतो आणि गाडी चालू झाली नसती, तर? आणि गाडी चालू व्हायच्या आधी ते स्वतः तरी तिला कसं विचारणार होते? एकोणीस वर्षं ज्या माणसाने दुसऱ्यांना 'खोळंबणार कोण' म्हणून विचारलं, त्याला आज उत्तर फाटकाशी शाल गुंडाळून उभं असलेलं दिसत होतं. माझ्या नावापुढे वहीत लिहिलेलं 'कोण न्हाई' खोटं ठरलं होतं.

अण्णा जीपमध्ये चढले. किल्ली अर्धी फिरवली. इंजिनाची डोकी आधी गरम करणारे हीटर असतात, त्यांचा पिवळा दिवा लागला. अण्णा ओठांतल्या ओठांत मोजत होते. मीही मोजत होतो. फाटकापाशी अक्कांनी मोबाइल खाली केला होता आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्या त्यांच्या किल्लीकडे बघत होत्या.

दिवा विझला. अण्णांनी किल्ली फिरवली नाही. त्यांनी हात काढून शर्टाला पुसला. पांढऱ्या शर्टाला. मग फिरवली.

घर्र. घर्र. घर्र. मागून पांढऱ्या धुराचा एक लोट निघाला. त्या धुरात अक्कांचा चेहरा दिसेनासा झाला. पुन्हा घर्र, एक खोकला, दुसरा खोकला, आणि मग चारही पिस्टन एकदम जागे झाले. आवाज आधी ओबडधोबड, मग हळूहळू एकसारखा. धूर विरळ होत गेला. विरला तेव्हा फाटकाशी कुणी नव्हतं.

अक्का जीपच्या डाव्या बाजूला उभ्या होत्या. त्यांनी आत पाहिलं. अण्णा समोर बघत होते, काचेतून, शेवग्याकडे. मान वळवायची त्यांची हिंमत नव्हती. अक्कांनी पिशवी माझ्या हातात दिली, तीही अशा थाटात, की जणू मी हमाल आहे आणि उशिरा आलो आहे. मग पातळाच्या निऱ्या एका हातात धरल्या, दुसऱ्या हाताने गाडीची दांडी पकडली आणि चढून पुढच्या सीटवर बसल्या. शाल सारखी केली. मी निमूटपणे मागे, पाने आणि ऑइलच्या डब्यांमध्ये जाऊन बसलो. ज्याची गाडी तो मागे, आणि मला त्याबद्दल काहीही म्हणायचं नव्हतं.

अण्णा बसूनच होते. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. अर्धं मिनिट झालं असावं. एकोणीस वर्षांची सवय. त्यांचा उजवा हात आपोआप किल्लीकडे गेला, बंद करायला. पहिली झाली होती. दुसरी बाकी होती, तिसरी बाकी होती.

अक्कांनी त्यांच्या मनगटावर चापट मारली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या,

"हात काढा तितनं! चालू झालंय न्हवं? मग आता बंद कशाला करायलाय?"